कोबॉलच्या वर्गातून उठवलं तेव्हा

"ऊठ गं. तू पंचिंगची ना? हा वर्ग तुझ्यासाठी नाही."

साहेबांच्या हातात खडू होता. बाकांवर अकरा पोरं, सांगली-मिरजेची, दोन वाईची. अकराही माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, नोटिशीच्या फलकावर वर्गासाठी पदवीधर हवा एवढंच लिहिलंय. मी बी.कॉम. आहे, कराडच्या कॉलेजातून. साहेब हसले.

"तुमच्या लोकांना सरकारात राखीव जागा आहेत. तिकडं जा. इथं डोकं लागतं."

पोरं हसली. सगळी नाही. पण जी हसली नाहीत ती बोललीही नाहीत.

मी उठले.

आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहिते. शोषण, अन्याय, धिक्कार, हे शब्द स्टेन्सिलवर कापताना माझा हात कधी थांबत नाही. 'मी उठले' हे दोन शब्द लिहायला मात्र मला वर्ष लागलं. जाताना साहेबांनी बारा चहा सांगायला लावले. ते मी सांगितले. तेही लिहून ठेवते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. गावोगाव लोक मोठ्यानं बोलायला लागले होते. आमच्या ऑफिसात नाही. सांगलीत एका जुन्या गिरणीच्या माडीवर ते ऑफिस. काँप्युटर पुण्याला. इथं फक्त पंचिंग. साहेब कागदावर प्रोग्रॅम लिहायचे, त्याची एकेक ओळ आम्ही सहाजणी यंत्रावर एकेका कार्डात भोकं पाडून उतरवायचो. कार्डांचा गठ्ठा ट्रेमध्ये भरून एस.टी.नं पुण्याला जायचा. आमचा नियम एकच. जसा कागद तसं कार्ड. कागदावर चूक दिसली तरी तीच पंच करायची. विचारायचं नाही, सुधारायचं नाही. चूक करायचा मानसुद्धा साहेबांचा.

पण दिवसाला शेकडो ओळी बोटांखालून गेल्या की त्या डोक्यात जाणारच. कुणी शिकवलं नाही. कोबॉल म्हणजे काँप्युटरला हुकूम द्यायची भाषा, तिचा साचा ठरलेला. आधी प्रोग्रॅमची ओळख, मग फायलींची वर्णनं, मग हुकूम. हे वाच, ते तिकडं ठेव, एवढं झालं की थांब. वडील फौजेतून रिटायर झालेले. त्यांना मी हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आधी हजेरी, मंग परेड. त्यात काय हाय एवढं?" खरंच, त्यात काय हाय एवढं. ज्यांच्या हातात आहे ते अवघड म्हणून सांगतात.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वर्गातल्या पोरांचा एकच वाद. नोकरी कुठल्या भाषेनं लागेल, फोरट्रान की कोबॉल? इंजिनिअरिंगवाली पोरं म्हणायची फोरट्रान, ती शास्त्रज्ञांची भाषा, थेट परदेश. कोबॉल म्हणजे कारकुनी. मी डबा खात ऐकायचे. पण रविवारच्या पेपरातल्या जाहिराती मी कापून ठेवत होते. बँक, विमा, वीज, गिरण्या, जिथं तिथं कोबॉल मागितलेलं. आणि खाली बारीक अक्षरात, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं. त्या संस्था मुंबईत नाहीतर पुण्यात. आमच्या ऑफिसचा शनिवारचा वर्ग एवढाच आपल्या भागात. वर्गाच्या शेवटी परीक्षा आणि प्रोग्रॅमरच्या दोन जागा. त्यातली एक मला हवी होती. मेहरबानी नको होती. परीक्षेला बसू द्या, एवढंच.

बसू दिलं नाही. वाईची दोन्ही पोरं लागली.

महिन्याभरात एका साखर कारखान्याचं काम आलं. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी काँप्युटरनं काढायची. प्रोग्रॅम तीनेकशे कार्डांचा. प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला अनुक्रमांक पंच करायचा असतो. साहेब म्हणाले, घाई आहे, नंबर राहू देत. जसा हुकूम. मूळ कागद सकाळच्या गाडीनं पुढं गेले. दुपारी साहेब स्वतः ट्रे घेऊन जिना उतरायला लागले आणि तिसऱ्या पायरीवर चप्पल सटकली. वरच्या पायरीपासून खाली सायकलींपर्यंत कार्डंच कार्डं. एकावरही नंबर नाही.

दोन नवे प्रोग्रॅमर धावले. गोळा केली, आणि हातात धरून उभे. कुठलं आधी, कुठलं मागनं? एकजण घामानं भिजला. चारची एस.टी. आणि साहेब नुसते घड्याळ बघतायत.

मी पायरीवर बसले. कुणी सांगितलं नव्हतं. कार्डाच्या माथ्यावर ओळ छापलेली असते, ती वाचायची आणि लावायची. शकू माझ्या शेजारची, मालगावची. ती पसरलेली कार्डं पुढं सरकवत होती आणि पुटपुटत होती, "लाव गं लाव. ह्यास्नी डोकं हाय, तेवढं आज घरी इसरलंय." तीनेकशे कार्डं लावली. चारची गाडी मिळाली. पुण्याला प्रोग्रॅम पहिल्या फेरीत चालला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले. साहेबांनी सांगितलं, आमच्या दोन मुलांनी लावला गठ्ठा. ती दोन मुलं तिथंच उभी होती. खाली बघत. मॅनेजर गेल्यावर साहेब माझ्या यंत्रापाशी आले. "हात चलाख आहे हो तुझा," म्हणाले. हात.

वर्गातून उठवलं तेव्हा मी रडले होते. या वेळी रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच राहिली. अजून आहे. झोप नीट लागत नाही, बसलं तर उठावंसं वाटतं.

पुढच्या आठवड्यात भर कामात साहेब काही कागद घेऊन आले. त्याच कारखान्याचा पुढचा प्रोग्रॅम, एका नव्या मुलानं लिहिलेला, दोनदा पुण्याहून परत आलेला. आवाज एकदम मऊ. जरा बघ म्हणाले, तुला दिसतं ते. कुणाला सांगायची गरज नाही. नाव त्याचंच राहील.

मी कागद बघितले. चूक दुसऱ्याच पानावर होती. ऊस संपल्यावर थांब असा हुकूमच नव्हता. यंत्र बिचारं शेवटचंच शेत पुन्हा पुन्हा तोडत बसलं असणार. मला हसू आलं. कागद मी घडी घालून परत दिले.

"चूक दिसली मला. सांगणार नाही. परीक्षा घ्या, तिथं लिहीन. माझ्या नावावर."

"नोकरी नको झालीय वाटतं."

"पाहिजे. प्रोग्रॅमरची."

खोलीतली सहाही यंत्रं थांबली होती. म्हणजे बाकीच्या पाचजणी ऐकत होत्या. साहेबांनी सगळ्यांकडं बघितलं आणि निघून गेले. शकू म्हणाली, "बया, आता काढत्याल तुला." मग जरा थांबून म्हणाली, "मला शिकीव की ते."

मला काढलं नाही. मेमो दिला, उद्धटपणाबद्दल. पगारवाढ अडवली. मी परीक्षेसाठी पुण्याच्या मुख्य ऑफिसला रजिस्टर पोस्टानं तीन अर्ज केले. उत्तर नाही.

वस्तीतली पोरंपोरी मला विचारतात, ताई, नोकरीला कुठली भाषा शिकू? मी सांगते, कोबॉल. आधी ती शीक, फोरट्रान मागनं बघ. आणि हेही सांगते की ती येते म्हणून कुणी आत घेणार नाही. ज्यांना येत नव्हती त्यांना घेतलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दार अडवणारे भाषा विचारत नाहीत, आडनाव विचारतात.

आज आम्ही सहाजणींनी सह्या केल्या. मागणी एका ओळीची. प्रोग्रॅमरची परीक्षा सगळ्यांसाठी उघडी घ्या, उत्तरपत्रिकेवर नाव नको, नंबर टाका. सोमवारपर्यंत तारीख जाहीर झाली नाही तर मंगळवारी आम्ही यंत्रापुढं बसू आणि एकही कार्ड पंच करणार नाही. कारखान्याचं नाही, बँकेचं नाही, कुणाचंच नाही. तोडणीचा हंगाम तोंडावर आहे, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच हा मंगळवार.