सूचनाकाकू आणि बारा चाळीसची एक्सप्रेस

सूचनाकाकूंचा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या शहरात सापडणं कठीण, आणि त्यांना पाहून ओळखेल असा सापडणं त्याहून कठीण. एकतीस वर्षं त्यांनी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, आणि इतकी चिंचोळी की खुर्ची मागे सरकवायची तर आधी दार उघडावं लागे. समोर मायक्रोफोन, डावीकडे फोन, उजवीकडे वेळापत्रक आणि एक खिडकी. खिडकीतून फलाटावरच्या माणसांची फक्त डोकी दिसत. त्यामुळे शहर काकूंना आवाजावरून ओळखत होतं आणि काकू शहराला टकलावरून.

नोकरी घरातही उतरली होती. नात झाली तेव्हा काकूंनी हॉस्पिटलमधून नवऱ्याला फोन केला. "मुलगी झाली आहे. वजन तीन किलो. दोघींची प्रकृती उत्तम आहे. पुन्हा सांगते, मुलगी झाली आहे."

काका शाळेत चित्रकला शिकवत. मुलांच्या गोंगाटात आयुष्य काढल्यामुळे त्यांना घरी शांतता हवी असे. "अगं, घरात प्रवासी मी एकटाच," ते म्हणत. "एकदा सांगितलंस तरी कळतं."

"एकदा सांगितलेलं कोणी ऐकत नाही," काकू म्हणत. "दुसऱ्यांदा ऐकतात आणि तिसऱ्यांदा पटतं. हा माझा अनुभव आहे, अहो. तुमच्यावरचाच."

काकू निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी यंत्र आलं. कुठल्याशा बाईच्या आवाजाचे तुकडे जोडून ते घोषणा करी. काकूंना ते ऐकवत नसे. "आकडा म्हणताना बाई माळ्यावर चढते आणि पुढचा शब्द म्हणताना खड्ड्यात पडते," एवढंच त्या म्हणत, आणि स्टेशनवरून जाताना पदर कानावर घेत.

स्टेशनला लागून, एका भिंतीपलीकडे, इंजिनं दुरुस्त करायची जुनी शेड होती. ऐंशी वर्षं तिथे इंजिनं खोकत यायची आणि बरी होऊन जायची. वाफेचा जमाना संपला, शेडला कुलूप लागलं आणि आत कबुतरांनी संसार थाटले. मग तिथे रेल्वेचं संग्रहालय करायचं ठरलं, एक काटकुळे गृहस्थ त्याचे अधीक्षक म्हणून नेमले गेले आणि त्यांनी सहा वर्षं नुसतं भंगार हुडकलं. माणसाच्या उंचीच्या चाकांचं वाफेचं इंजिन त्यांनी कुठल्याशा गवतातून काढलं. हाताने फिरवायची क्रेन आणली. पुठ्ठ्याच्या तिकिटांवर खट्‌ करून तारीख उमटवणारं यंत्र आणलं. लोखंडाचा एक गोळा आणला. एकेरी रुळांवर हा गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवायची परवानगी नसे. आणि सगळ्यांत शेवटी एका बड्या साहेबाचा खासगी डबा आणला, ज्यात पलंग, लिहायचं टेबल आणि चक्क न्हाणीतला टब होता. शेडच्या एका टोकाला त्यांनी बाक, घड्याळ आणि वजनकाटा मांडून खोटा फलाटही उभा केला.

आता त्यांना हवा होता आवाज. पाहुण्यांनी प्रत्येक वस्तूपाशी बटण दाबावं आणि माहिती ऐकावी, अशी त्यांची कल्पना. ते स्वतः काकूंच्या घरी आले आणि दारातच म्हणाले, "बाई, मी कॉलेजात असताना तुमच्या आवाजाच्या भरवशावर सहा वेळा गाडी चुकवली आहे."

"माझ्या भरवशावर गाडी चुकत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही चहा पीत बसला असाल."

"हो," अधीक्षक ओशाळून म्हणाले. काकूंनी लगेच होकार दिला.

माहिती इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी लिहिली होती. रेकॉर्डिंग साहेबाच्या डब्यातल्या न्हाणीत ठेवलं, कारण शेडमध्ये सगळीकडे घुमायचं आणि न्हाणीला जाड पडदे होते. मायक्रोफोन टबात उभा, काकू स्टुलावर, प्राध्यापक दारात.

काकूंनी पहिला कागद वाचला. "वाफेच्या धमन्यांतून धावणाऱ्या एका युगाचं हे धगधगतं हृदय." त्या थांबल्या. "हे कशाबद्दल आहे?"

"इंजिनाबद्दल," प्राध्यापक म्हणाले.

"किती टनांचं?"

"त्याने काय फरक पडतो?"

"टनांना पडतो. कुठून कुठे धावायचं? किती डबे ओढायचं? लोक घाईत असतात, त्यांना हृदय कुठलं सांगता?"

"अहो, पण जरा भाव आणा आवाजात!"

"एकतीस वर्षांत मी भाव आणला असता तर रात्रीच्या मेलच्या वेळी लोक ढसाढसा रडले असते."

चार दिवस ही जुगलबंदी चालली. शेवटी प्राध्यापकांनी हात टेकले. हृदय आणि धमन्या भिंतीवरच्या फलकावर गेल्या आणि काकूंच्या तोंडी टन, डबे आणि वेळा आल्या. टबाबद्दल काकूंनी आपल्या मनाचं एकच वाक्य घातलं: "गाडी वळणावर असताना आंघोळ केल्यास अर्धं पाणी जमिनीवर सांडत असे."

शेवटी राहिली खोट्या फलाटावरची घोषणा. अधीक्षक म्हणाले, "कोणतीही एक गाडी म्हणा, बाई. नुसता माहोल हवा." काकू दमल्या होत्या. त्यांच्या तोंडून सवयीने आलं ते असं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बारा वाजून चाळीस मिनिटांची एक्सप्रेस थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे."

उद्घाटन दुपारी बाराला होतं. भाषणं लांबली. साडेबाराला फीत कापली गेली आणि अधीक्षकांनी अभिमानाने खोट्या फलाटाचं बटण दाबलं. काकू पहिल्या रांगेत नव्या साडीत बसल्या होत्या. आवाज घुमला, आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. एक शब्द चढला नाही, एक पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधीक्षकांनी खुशीत आणखी दोनदा बटण दाबलं.

टाळ्या थांबल्या तरी काहीतरी धडधडतच राहिलं. काकूंनी कान दिला. भिंतीपलीकडे स्टेशनच्या पुलावरून शेकडो पावलं एकाच दिशेला धावत होती. त्यांनी वर पाहिलं. खोट्या फलाटावरच्या कर्ण्याचं तोंड थेट स्टेशनकडे होतं.

बारा चाळीसची एक्सप्रेस अजून चालू होती. फक्त हल्ली ती फलाट क्रमांक तीनवर येई.

"अगं बाई!" काकू उठल्या, साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या आणि कामगारांसाठी भिंतीत ठेवलेल्या जुन्या फाटकातून पलीकडे गेल्या. फलाट क्रमांक एकवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. यंत्र बिचारं पुन्हापुन्हा "तीन" म्हणत होतं, पण त्याच्याकडे कोण बघतो? एक आजीबाई शेजारणीला समजावत होत्या, "त्या मशीनवर जाऊ नका हो. आपल्या जुन्या बाई एक म्हणाल्या. त्यांचं कधी चुकत नाही."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टेशनमास्तर खोलीत डोकं धरून बसले होते. "कोण बोललं?" ते ओरडले. "माझ्या स्टेशनावर कोण बोललं?"

"मी," काकू म्हणाल्या. "माइक द्या."

"तुम्ही कोण?"

"सरका," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी माइक ओढून घेतला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बारा वाजून चाळीस मिनिटांची एक्सप्रेस फलाट क्रमांक तीनवर येत आहे. आधीची घोषणा चुकीची होती. चूक यंत्राची नाही, बाईंची आहे. सावकाश जावे. पुलावर लहान मुलांचे हात धरावेत. गाडी..." त्यांनी स्टेशनमास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी अकरा बोटं दाखवायचा प्रयत्न केला. "गाडी अकरा मिनिटे उशिराने धावत आहे."

गाडी उशिरा आहे म्हटल्यावर स्टेशनभर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. असं त्या स्टेशनच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. सगळे जण पूल ओलांडून परत गेले आणि एकही प्रवासी मागे राहिला नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा एक टक्कल पडलेले गृहस्थ बॅग घेऊन चालले होते. ते थबकले. "आत्ता बोललात त्या तुम्हीच? मला वाटायचं, उंच असाल."

काकूंनी त्यांच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. "सकाळची सातची पॅसेंजर. तुम्हाला मागच्या बाजूला थोडे होते तेव्हापासून पाहते आहे."

दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांचं तीन पानी खरमरीत पत्र संग्रहालयात आलं. अधीक्षकांनी कर्ण्याचं तोंड फिरवलं, आवाज निम्मा केला आणि काकूंना पुन्हा टबापाशी बसवलं. या वेळी त्यांनी चौदा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या संध्याकाळच्या पॅसेंजरची घोषणा केली. ती तरी कोणाला धावायला लावणार नव्हती. काका रेकॉर्डिंग ऐकून आले आणि म्हणाले, "बरं वाटलं गं. तिथे बटण दाबल्याशिवाय तू बोलत नाहीस."

झाल्या प्रकाराचा गाजावाजा होऊन संग्रहालयाला गर्दी मात्र लोटली. लोक इंजिन पाहत, खट्‌ करून तिकीट घेत, टबात डोकावत आणि विचारत, "त्या बाई कुठे असतात?" म्हणून काकू रविवारी खोट्या फलाटावरच्या बाकावर येऊन बसू लागल्या.

अशाच एका रविवारी काकूंच्याच वयाची एक बाई आली. तिने बटण दाबून पॅसेंजरची घोषणा ऐकली आणि बाकाशी येऊन हळूच विचारलं, "ही गाडी कुठे कुठे थांबायची, ते म्हणाल का? माझं माहेर त्या वाटेवर आहे."

काकूंनी पाठ ताठ केली आणि कागद न बघता तेरा स्टेशनं ओळीने म्हटली. ना चढ, ना उतार. बाई डोळे मिटून ऐकत होती. शेवटचं नाव झाल्यावर तिने डोळे उघडले.

"आमचं राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं नाही," काकू म्हणाल्या. "नदीच्या अलीकडचं ना? तिथे गाडी फक्त रविवारी थांबायची."

"मग आज रविवारच आहे की."

काकूंनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि पहिल्या स्टेशनापासून सुरुवात केली.