तोमोए-सान आणि माझा आवाज

तोमोए-सान गेल्याचं त्यांच्या नवऱ्याच्या मेलवरून कळलं. मी शाहूपुरीतल्या माझ्या जपानीच्या क्लासमध्ये फळ्यावर क्रियापदं लिहीत होते. मेल वाचला आणि पुढचं क्रियापद लिहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. आता दोन महिने होत आले, तरी आलेलं नाही. ही बाई जिवंतपणी कुणाबद्दल चांगलं बोलली नाही, मग मीच का गोड बोलू?

जपानमध्ये त्यांनी तीस वर्षं सिनेमात आणि टीव्हीवर कामं केली. आधी नायिकेची मैत्रीण, मग खाष्ट नर्स, मग खाष्ट सासू. नवरा कागलच्या एमआयडीसीत साहेब म्हणून आला, मागोमाग त्याही आल्या, आणि त्यांना मराठी शिकवायला कंपनीनं मला नेमलं. पहिल्याच दिवशी माझं जपानी ऐकून म्हणाल्या, "स्टेशनवरची घोषणा ऐकल्यासारखं वाटतं." पुढे माझा चहा, माझी पर्स, माझं हसणं... कशालाही नाक मुरडायचं त्यांनी सोडलं नाही.

मग कोल्हापुरातच चित्रीकरण होणाऱ्या एका मराठी मालिकेत त्यांना जपानी जावेची भूमिका मिळाली. आपल्याकडे परभाषेतल्या नटीला संवाद पाठ करायला कुणी लावत नाही. तिनं कॅमेऱ्यासमोर आकडे म्हणत ओठ हलवायचे, आवाज नंतर दुसरीचा भरायचा. दिग्दर्शकानंही तेच सांगितलं, "बाई, निस्तं एक-दोन-तीन म्हना. बाकीचं आमी बगतो की." मी भाषांतर केलं तशा त्या ताठ झाल्या. "तीस वर्षांत माझ्या तोंडातून दुसऱ्या कुणाचा आवाज निघालेला नाही," म्हणाल्या. पुढचे तीन महिने त्यांनी माझा जीव खाल्ला. एकेक संवाद शंभरदा म्हणायच्या. 'ळ' त्यांच्या जिभेवर बसेना, तर दिवसभर तेवढं एकच अक्षर घोटत राहायच्या. शेवटी बसवलाच. ते कबूल करताना आजही मला त्रास होतो.

सेटवर एकदा मी त्यांना सूचना सांगताना चुकले. त्या युनिटकडे वळल्या आणि मीच शिकवलेल्या कोल्हापुरीत म्हणाल्या, "हिला जपानी येत न्हाय." सगळे खो-खो हसले. त्यांतल्या दोघांची मुलं माझ्या क्लासला होती.

त्याच आठवड्यात दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. "म्याडम, तिचं बोलनं लोकास्नी कळायचं न्हाय. तुमीच भरा की आवाज. तिला सांगू नगा." मी लगेच हो म्हटलं. त्या बोलायच्या तसं चांगलं मला बोलता आलं असतं. पण मी मुद्दाम बोबडं बोलले, प्रत्येक 'ळ'चा 'र' केला, लोकांनी हसावं म्हणून. आणि लोक हसले.

पहिला भाग बघायला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. स्वतःच्या हातानं चहा दिला. भाग संपल्यावर टीव्ही बंद केला आणि विचारलं, "ह्यो आवाज कुणाचा हाय?" दिग्दर्शक छताकडे बघायला लागला. मी म्हणाले, "असेल स्टुडिओतल्या कुणाचा तरी."

"कळलं," त्या म्हणाल्या. 'ळ' अगदी स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालिका सोडली, वर्षभरात कोल्हापूर सोडलं, आणि परत कधी पडद्यावर आल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्यानं एक पाकीट पाठवलं. आजारपणात तोमोए-साननी आपल्या सगळ्या भूमिकांची यादी स्वतः लिहून ठेवली होती. जपानी रीतीनं मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी होणाऱ्या विधीला जमलेल्यांना तिच्या प्रती वाटल्या, एक मला. शेवटच्या ओळीत कोल्हापूरची मालिका होती. भूमिका, जाऊ. पुढे 'आवाज' असं लिहून माझं पूर्ण नाव. मालिकेच्या श्रेयनामावलीत ते नव्हतं. आवाज भरणाऱ्यांचं नसतंच. एवढ्या एका कागदावर ते आहे. रागानं फाडायला घेतला, फाडवला नाही. परवा क्लास सुटल्यावर ती यादी मोठ्यानं वाचायला लागले. मैत्रीण, नर्स, सासू सगळं नीट वाचलं. शेवटच्या ओळीशी आले, आणि माझंच नाव माझ्या तोंडून बाहेर पडेना.