मातीसाठी ठेवलेले पैसे

सासऱ्याचं प्रेत समोरच्या खोलीत फळीवर होतं आणि दोघे दीर बाहेर पडवीत भांडत होते. व्हर्डी तेव्हा नवी सून. ती चुलीपाशी मक्याची भाकरी भाजत होती.

"शवपेटीच्या फळ्या मी देणार नाही. आईच्या वेळी मीच दिल्या."

"मग काय, बापाला गोधडीत गुंडाळू?"

"गुंडाळ. जिवंतपणी तरी कुठं पांघरूण घातलंस?"

भाकरी करपली. आपल्या मढ्यापाशी असलं बोलणं व्हायला नको, हे व्हर्डीनं तेव्हाच मनाशी धरलं.

पुढं नवरा कोळशाच्या खाणीत दगावला. मूलबाळ नव्हतं. गोधड्या शिवून, अंडी विकून तिनं पेटीपुरते पैसे जमवले आणि तालुक्याच्या बँकेत टाकले. आता केंटकीच्या आमच्या डोंगरात रीतच आहे, मातीसाठी ठेवलेल्या पैशांची विचारपूस करायची नाही. केली की मरणाला वाटतं, बाई तयार होऊन बसली. दहा-बारा वर्षं व्हर्डीनं बँकेकडे बघितलंसुद्धा नाही. मग छातीत कळा येऊ लागल्या, सुताराला पेटीचे पैसे आगाऊ द्यायची वेळ आली, तेव्हा ती पायरी चढली.

बँकेतला हॉलिस तिच्याच कोंबड्यांच्या अंड्यांवर वाढलेला. तो मान वर करेना.

"व्हर्डीकाकू, ते पैसे सरकारजमा झाले. इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणजे कायद्यानं बेवारशी."

"बेवारशी? अरे, दर शनिवारी तुझ्या बायकोला अंडी कोण देतं? माझं भूत?"

"नोटीस लावली होती काकू. कोर्टाच्या दारावर."

"कोर्टाच्या दाराशी माझं काय काम? मी काय कोंबडी चोरली होती? माझं दार ठाऊक नव्हतं तुला?"

"कायद्यात दार कोर्टाचंच आहे. वरच्या कोर्टानंही तेवढं पुरे म्हटलंय." मग हळूच म्हणाला, "पैसे बुडाले नाहीत. अर्ज करा, मिळतील."

अर्ज त्यानंच लिहिला. राजधानीतून उलट विचारणा आली: ही बाई तीच, असं दोघांनी शपथेवर सांगावं.

"मी मेले म्हणायला कुणी साक्षीदार मागितला नाही," व्हर्डी म्हणाली, "आणि जिवंत आहे म्हणायला दोन!"

हॉलिसनं आणि पाद्रीबाबांनी शपथ घेतली. सुतार म्हणाला, "काकू, फळ्या बाजूला ठेवतो, पण पैसे दिसल्याशिवाय करवत लावणार नाही. मलाही पोरं आहेत."

मंजुरी आली ती पेरण्या झाल्यावर. तोवर व्हर्डीला सरकारी खर्चाच्या पातळ पेटीत, गरिबांच्या जागेत पुरून झालं होतं.

मरायच्या आदल्या शनिवारी मात्र ती बाजाराला आली होती. हॉलिसच्या बायकोला अंडी मोजून दिली, एक तडकलेलं निघालं त्याचे पैसे घेतले नाहीत. मीठ घेतलं, दिव्याचं तेल घेतलं, भावावरून दुकानदाराशी हुज्जत घातली आणि ओढ्याच्या वाटेनं घरी गेली.