आधी बसायचं

डोंबिवलीत आजारी माणसांसाठी बेड, वॉकर, कमोडच्या खुर्च्या वापरायला देणारी एक संस्था आहे. संस्था म्हणजे काय, तर एका इमारतीखालचा गाळा आणि त्याचं कुरकुरणारं शटर. निवृत्तीनंतर महिपतराव तिथे जाऊ लागले ते 'घरात नुसते मध्ये मध्ये करता' असं बायकोनं ऐकवलं म्हणून. समाजसेवा वगैरे नंतर सुचली.

त्यांना घडवलं मनुबाईनं. कोपर गावची ही म्हातारी संस्थेच्या पहिल्या दिवसापासूनची. जीभ तिखट आणि हात सढळ. बेड नेऊन द्यायला कुणीही जाई. माणूस गेल्यावर बेड परत आणायचं काम मात्र तिचं. महिपतराव पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले ते विठ्ठलवाडीला. उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि या गृहस्थांनी थेट विचारलं, बेड कुठे आहे? मनुबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की नोकरीत कधी साहेबानंही तसं पाहिलं नसेल.

"आदी बस," ती म्हणाली. "खाट काय पलून नाय जात."

मग ती निवांत बसली. चहा प्यायली, गेलेल्या आजीला काय आवडायचं ते विचारलं, घरचे जे जे सांगत गेले ते ऐकलं. बेडचं नावही काढलं नाही. शेवटी मुलगाच म्हणाला, आता हा घेऊन जा, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. परतताना टेंपोत महिपतराव कुरकुरले, की या गतीनं दिवसाला एकच घर व्हायचं. मनुबाई नुसती हसली. पुढे अशा कितीतरी घरी ती दोघं बसली. ते दिवस आठवले की महिपतरावांना आजही बरं वाटतं. मनुबाई गेली तेव्हा त्यांना थोरली बहीण गेल्यासारखं झालं.

आता काळ बदलला. सचिव सुदेशनं मोबाइलवर सगळी सोय केली. मुदत संपली की घरी बेड परत करण्याचा मेसेज आपोआप जातो. त्यात चूक काहीच नव्हती. जवळच्या दिवा स्टेशनलगतच्या वस्त्यांतून बेडसाठी रोज फोन येतात, तिथे आजारी माणसं जमिनीवर झोपवलेली असतात. पण महिपतरावांना रुखरुख होती, की मनुबाईचं हे शिकवणं आपल्यापाशी आहे आणि आपल्याबरोबरच संपणार.

मग ठाण्यात आठ-दहा संस्थांचा मेळावा भरला, एकमेकांना आपापलं काम शिकवण्यासाठी. सगळे पडद्यावर चित्रं दाखवत होते. महिपतराव उठले, म्हणाले, "घरात गेल्यावर आधी बसायचं," आणि स्वतःच खाली बसले. सभागृह हसलं. सुदेशनं कपाळाला हात लावला. जेवणाच्या रांगेत फक्त दक्षतानं, संस्थेत नव्यानं आलेल्या चाळिशीच्या बाईनं, विचारलं, किती वेळ बसायचं? बेडचं नाव ते काढेपर्यंत, महिपतराव म्हणाले. तेवढ्यात भजी आली आणि बोलणं तिथेच राहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं समजून त्यांनी नाद सोडला.

यंदा बेड त्यांच्याच घरी आला, बायकोसाठी. गोदूबाई काही महिने त्यावर होत्या आणि दिवाळीआधी गेल्या. तेरावं झालं. बेड खिडकीपाशी तसाच होता. नियमानं मेसेजही आला. दिव्यात कुणीतरी जमिनीवर पडलेलं असणार, हे महिपतरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? रोज सकाळी ते बेडचे नट सोडवायला बसत आणि चादर नीट करून उठत. स्वतःची लाज वाटे, पण बेड देववत नसे.

एका रविवारी दक्षता आली. आली न्यायला, असं महिपतरावांच्या मनात आलं. ती खुर्चीत बसली. चहा झाला. ती बेडकडे पाहीना की त्याबद्दल बोलेना. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"घेऊन जा गं बेड," ते म्हणाले. "कुणीतरी खोळंबलं असेल."

"नेऊ ना काका. टेंपो उद्या सांगते." दक्षता उठली नाही. "काकूंना काय आवडायचं?"

महिपतराव हसले. ही विद्या कुठून आली ते त्यांना कळत होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की बेड सुखासुखी परत मिळावा म्हणून आपण बसतो.

"सुक्या जवळ्याची चटणी," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. दक्षता बसून राहिली.