फुलीमास्तर

रेडिओची गाणी दूरच्या सर्व्हरवरून वाजत आणि तो घरबसल्या त्यांची राखण करी. बाहेर पडताना पडद्यावरच्या फुलीवर टिचकी मारायची, म्हणजे नुसती खिडकी मिटते, गाणी चालूच राहतात. लॉग ऑफ केलं की गाणी बंद. हे त्याने कामावरच्या सगळ्यांकडून इतकं घोकून घेतलं की त्याचं नावच फुलीमास्तर पडलं. एका मुलीने तापात लॉग ऑफ केलं, तर तिच्या बडतर्फीचं पत्र यानेच खरडून साहेबांपुढे ठेवलं.

बायको दवाखान्यात वारल्याचा फोन आला, तेव्हा मास्तर लॉग ऑफ करूनच धावला.

तासाभराने साहेबांचा फोन आला. "वहिनींचं कळलं, वाईट झालं. पण रेडिओ मुका पडलाय, मास्तर."

"साहेब, भानच नव्हतं हो."

"त्या पोरीलाही नव्हतं. तुमचंच पत्र काढतो, नाव तेवढं बदलतो."