दादा पिन विसरले, ती गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीचे यावर हसतील, कारण ही गोष्ट मी झाडून सगळ्यांना सांगितलेली आहे. लग्नात, डोहाळजेवणात, धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर वांग्याच्या भरिताच्या पंगतीत. "वंदना, ती ट्रॅक्टरची सांग ना!" म्हटलं की मी पदर खोचते आणि सुरू होते. पण तिच्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळते. आज तोच सांगायला बसलेय — आणि बघा, आधी गोष्टच सांगावीशी वाटतेय. सवय!

तर, पारशिवनीजवळ आमच्या शेतावर सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर होता. गोल नाकाचा. सकाळी आधी खोकणार, मग बोलणार. मागे नुसता एक हूक. अवजार फरपटत न्यायचं आणि शेताच्या टोकाला तास संपलं की खाली उतरून, दोरीशी झोंबून ते उचलायचं. दोघा भावांनी ठरवलं, याला थ्री पॉइंट लिंकेज बसवायचं. एक भाऊ म्हणजे आमचे हे, मनोहर — नागपुरात नोकरी, सुट्टीच्या दिवशी शेतकरी. दुसरे माझे मोठे दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात. जन्म शेतातच गेलेला. दादांनी आवळलेला नट सुटत नाही, अशी गावात ख्याती.

तुम्ही ट्रॅक्टरला मागून कधी निरखून पाहिलंय? मी त्या उन्हाळ्यात पाहिलं आणि वेडीच झाले. खाली दोन लोखंडी हात, वर मधोमध एक. तीन ठिकाणी धरलं की अवजार ट्रॅक्टरचा अवयवच होऊन जातं. दांडा ओढा — तेलाच्या दाबानं अख्खं धूड अलगद वर! भंगारात निघालेल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरचं हे सगळं सामान त्यांनी आणलं होतं. भोकं जुळेनात, रुंदी जमेना. पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केली, तोडली, पुन्हा केली. मी चहा घेऊन जायची आणि तिथेच उकिडवी बसायची. हे काय? ते कशाला? ह्यांचं उत्तर ठरलेलं — "तुले काय करा लागते वं?" दादा मात्र सांगायचे. खालच्या हाताच्या टोकाला भोक असतं, त्यात अवजाराची खुंटी जाते, आणि हात खुंटीवरून निसटू नये म्हणून खुंटीच्या टोकाला लॉकपिन. बोटाएवढी, कडी असलेली. "हे नसली ना वंदना, तर बाकी सारं फुकट."

बोटाएवढी! माझा विश्वास बसेना.

मग तो दिवस. गाव जमलं, नारळ फुटला, दादा सीटवर चढले. इथून माझी गोष्ट रंगते. मागे जोडलेला दात्यांचा कल्टिव्हेटर राजासारखा वर उचलला गेला, टाळ्या पडल्या, बांधाशी ट्रॅक्टर वळला आणि — धाडकन! उजवा हात खुंटीवरून निसटला, कल्टिव्हेटर एका अंगानं लोंबला, झुलला, टायर फाडून जमिनीत रुतला. आमचे हे क्षणापूर्वी जिथे चालत होते, बरोबर तिथे. मी इथे थांबते. लोकांचा श्वास अडकला की मग पुढचं.

खुंटीवर पिन नव्हती. पिना दादांनी लावल्या होत्या. हे गावासमोर ओरडले, "मी मेलो असतो ना दादा!" लहान भाऊ मोठ्यावर असा पहिल्यांदाच ओरडला होता. दादा म्हणाले, "लावली होती गा मनोहर." जेवताना म्हणाले, "लावली असन." आणि अंधार पडता पडता — "विसरलोच असन."

हे तिन्ही मी आवाज बदलून करते. तिसऱ्याला हमखास हशा.

आता गाळलेला तुकडा. त्या सकाळी पुरुष मंडळी पाहुण्यांना घ्यायला रस्त्यापर्यंत गेली होती. मी आरतीचं ताट घेऊन ट्रॅक्टरपाशी एकटी. दादांनी पिना लावल्या होत्या, एकेक ओढून पाहिली होती — मी स्वतः बघितलं होतं. मी उजवीकडची पिन काढली. काही झालं नाही. सगळं जागच्या जागी. काय निराशा झाली म्हणून सांगू! तेवढ्यात हाक आली, मी पिन ताटातल्या झेंडूच्या फुलांखाली सारली आणि गडबडीत परत लावायची विसरले.

नाही. विसरले नाही.

विसरले असते तर ही बाब किरकोळ होती, नाही का? ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ताट माझ्या हातात होतं आणि पिन कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? पण मला बघायचं होतं. खरंच एवढ्याशा पिनेवर सगळं अडलंय, की हे पुरुष उगाच भाव खातात? बस, एवढंच. कुणाशी वैर नव्हतं. नवरा मागे चालत होता, तेही मला दिसत होतं.

संध्याकाळी मी पिन विहिरीत टाकली. त्यानंतर बोलायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. रोजच येतात.

दादांनी त्या दिवसानंतर ट्रॅक्टरला हात लावला नाही. मग मोटरसायकल सोडली. मग कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायला लागले. आता गॅस बंद केला का, हे सुनेला विचारतात. ती सांगते, मग पुन्हा विचारतात. घरच्यांनी म्हटलं, वय झालं. दादांनीही म्हटलं. तोवर ते काहीही विसरलेले नव्हते — आणि हे या जगात फक्त मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात एका बारशाला पुन्हा फर्माईश झाली. मला कुतूहल वाटलं. म्हटलं, आज दादाच सांगतील. ते लाजले, मग उभे राहिले.

"पिन हातातच होती माह्या," ते म्हणाले. "तेवढ्यात पाहुने आले. नमस्कार कराले हात मोकळे पायजे ना गा? म्हून ठेवली मडगार्डवर. लोखंड असं तापलं होतं! आन् मंग राहूनच गेली."

त्यांना ते आठवत होतं. डोळे बारीक करून, जागा दाखवून सांगत होते. सगळे हसले, तेही हसले. मी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

परवा रामदासपेठेत एकांकडे मी गोष्ट सांगितली. तो नमस्कार तिच्यात घातला. हात जोडून, मान लववून करून दाखवला. फार छान बसला.