राजाच्या नाकावरचा छाप

ट्रॉयमधल्या आमच्या शेजारच्या काकांइतका बंडखोर माणूस साऱ्या मिशिगनमध्ये सापडायचा नाही, आणि काकूंना विचारल्याशिवाय त्यांनी साधा थर्मोस्टॅटही कधी हलवलेला नाही. त्यांचं सगळं बंड नाण्यांत. क्रांतीच्या धामधुमीत नवी नाणी पाडायला सवड नसते. मग बंडखोर जुन्या राजाचंच नाणं घेतात आणि त्यावर आपला छाप ठोकतात. असली नाणी जमवण्यात काकांची हयात गेली. स्पेनचा राजा आणि त्याच्या नाकावर मेक्सिकोच्या बंडखोरांचा छाप, हे नाणं भिंगातून पाहिल्याशिवाय त्या घरात कुणाला पोहे मिळत नसत. नाणं घासायचं नाही, घासलं की इतिहास गेला, हा नियम ते स्वतःच्या कॉफीच्या मगालाही लावत. त्या मगाला काकू हात लावत नसत.

काकांनी जन्मभर मोटारींच्या कारखान्यात पत्रा ठोकलेला, त्यामुळे रिटायर झाल्यावरही हात शिवशिवत. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पातेल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मंडळातल्या प्रत्येकीच्या भांड्यावर नाव घालून देत. एकदा गणपतीची आरती चालू असताना मागे त्यांची ठकठक सुरू झाली, तर लोकांनी टाळ्या तिच्या तालावर धरल्या.

माझा घटस्फोट झाला त्या हिवाळ्यात मी रुखवतातली भांडी खोक्यात भरली. देणारी आई आता नव्हती, तिची म्हणून एवढीच वस्तू माझ्यापाशी. पण प्रत्येक भांड्यावर लग्नात बदललेलं माझं नाव होतं, ‘सौ. मृण्मयी’. त्या नावातून रोज वरण वाढून घेणं मला जमेना. बर्फाचं फावडं परत द्यायला आलेल्या काकांनी खोकं पाहिलं.

“आईची भांडी डोनेट करतेस?”

“काका, नाव बघा की त्यावरचं!”

“राजा बदलला म्हणून चांदी कुणी फेकतं का गं? आईनं ठेवलेलं नाव काय तुझं?”

“शुभा.”

काकांनी खोकं उचललं. दुपारभर त्यांच्या गराजमधून ठकठक येत होती आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते. संध्याकाळी भांडी परत आली. प्रत्येक ‘मृण्मयी’च्या छाताडावर ‘शुभा’. एका वाटीवर ती तिरकी बसलीय. ती काकांची सर्वांत लाडकी, कारण खऱ्या क्रांतीत हात कापतोच म्हणे.

आता काका-काकू दूर मॉरिसव्हिलला लेकीकडे राहायला गेलेत आणि शेजारचं गराज गप्प असतं. आईची भांडी माझ्या फळीवर आहेत ती केवळ त्या माणसामुळे, हे त्यांना नीट सांगायचं राहूनच गेलं. फोन केला की तेच आधी विचारतात, “भांडी फार घासत नाहीस ना गं?”

मी नाही म्हणते. आणि तिरक्या नावावरून हलकेच बोट फिरवून वाटी धुवायला घेते.